पायगुण आणि दोनशे चौदा

घाटकोपरच्या त्या लॅबमधल्या सर्व्हरला मी पहिल्यांदा हात लावला तेव्हा बोटांना कुंकू लागलं. खंडेनवमीला पूजा केली होती, ती तशीच राहिली होती. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, पंख्याच्या जाळीत अडकलेल्या अक्षता, उदबत्तीची राख आणि वर काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची. लिंबू सुकून खारकेसारखं झालं होतं. यंत्राची पूजा करण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझे वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला मशीनला हार घालायच्या आधी ते ती रॉकेलच्या फडक्याने पुसून लख्ख करायचे, मग हळदकुंकू. इथे पुसायच्या भानगडीत कोणी पडलंच नव्हतं. धुळीवरच कुंकू लावलं होतं. मला तिथल्या तिथे शिसारी आली आणि ती पुढे बरेच दिवस गेली नाही.

मी लोकांचे सर्व्हर सांभाळते. ज्यांना त्यासाठी कायमचा माणूस ठेवायचा नसतो असे दवाखाने, लॅबा, शिकवणीवर्ग मला बोलावतात. बंद पडल्यावर बोलावतात, हे वेगळं सांगायला नको. ही लॅब एका डॉक्टरांची, पण चालवायच्या त्यांच्या पत्नी. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

"काउंटरवर नवीन मुलगी आल्यापासून सिस्टिम रोज सकाळी बसतेय हो. तुम्ही एकदा बघून जा. डॉक्टर म्हणतात वायरिंग असेल. मला विचाराल तर पायगुण."

आणि हसल्या. मीही हसले, कारण मला वाटलं गंमत करताहेत. बाईंनी स्वतः विज्ञानाची पदवी घेतलेली, नवरा दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेला. पायगुण काय, म्हटलं, बोलायची पद्धत असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. ज्यांनी अशा लॅबमधली सकाळ पाहिली नसेल त्यांना सांगते, ती सगळी उपाशी माणसांची असते. साखर तपासायची म्हणून रात्रीपासून काही खाल्लेलं नसतं, चहासुद्धा नाही. त्यात निम्मे म्हातारे. बाकांवर ओळीने बसलेले, कोणाचा हात थरथरतोय, कोणी उगाच वर्तमानपत्राने वारा घेतोय, आणि सगळ्यांची नजर काउंटरवर. काउंटरवर नाव घातल्याशिवाय नळीवर चिकटवायची पट्टी निघत नाही, आणि पट्टी निघाल्याशिवाय आतला माणूस रक्त काढत नाही. म्हणजे काउंटर अडला की सगळे उपाशी अडले.

ती 'नवीन मुलगी' तिशीची बाई होती. पाठीमागच्या गल्लीतल्या शाळेत तिची मुलगी दुसरीत होती. असल्फ्याच्या डोंगरावरच्या वस्तीतून ती मुलीला बोटाला धरून उतरायची, शाळेच्या फाटकात सोडायची आणि वळून लॅबमध्ये शिरायची. शाळा सुटायच्या वेळी मॅडमना सांगून जरा बाहेर जाऊन यायची, मुलीला शेजारणीच्या रिक्षात बसवून द्यायची. ही सोय होती म्हणून तिने नोकरी धरली होती. हे मला तिनेच सांगितलं, मी तिच्या खुर्चीमागे उभी राहून पडदा बघत होते तेव्हा. बोलताना तिचे हात थांबत नव्हते. खणात एक बिस्किटांचा पुडा होता. रक्त देऊन चक्कर आलेला म्हातारा दिसला की ती न बघता खण उघडायची आणि दोन बिस्किटं पुढे करायची.

"मॅडम रागावतात," ती म्हणाली. "मुंग्या येतात म्हणतात कॉम्प्युटरला."

तेवढ्यात पडदा थिजला. गोल फिरणारं चिन्ह आलं आणि फिरतच राहिलं, मग इंग्रजीत एक ओळ. कनेक्शनं फार झाली, आता जागा नाही. बाकांवरून कुरकुर सुरू झाली. एका आजोबांनी काठी आपटली. आतल्या केबिनचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि तिच्याकडे बघून पहिलं वाक्य बोलले ते हे:

"काय दाबलंस तू?"

तिने काही दाबलं नव्हतं. मी मागेच उभी होते. मी तसं म्हणालेसुद्धा. डॉक्टरांनी मान हलवली, ऐकलं नाही, आणि आत गेले. ती मात्र दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर घेऊन बसली, शाळेत बसतात तशी. मला त्या डॉक्टरांची इतकी चीड आली की मी सरळ मागच्या खोलीत गेले आणि संडासाच्या भिंतीला लागून ठेवलेल्या त्या कुंकवाच्या सर्व्हरपुढे बसले.

आता हे थोडं समजावून सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. लॅबची सगळी नावं, तपासण्या, रिपोर्ट एका डेटाबेसमध्ये असतात. काउंटर, आतली मशीनं, कुर्ला आणि मुलुंडची रक्त गोळा करायची केंद्रं, सगळे त्याच्याशी एकेक कनेक्शन धरून बोलतात. एका वेळी किती कनेक्शनं घ्यायची याला मर्यादा असते. ती भरली की नवीन येणाऱ्याला दारातून परत. सांभाळणाऱ्यासाठी मात्र एक जादा जागा राखून ठेवलेली असते, त्या जागेवरून मी आत शिरले. बघते तर आत बसलेल्यांपैकी बहुतेक सगळे झोपलेले. लॅबने हल्लीच रिपोर्ट मोबाइलवर दाखवणारं ॲप सुरू केलं होतं. कोणी रिपोर्ट उघडला की ॲप एक कनेक्शन घ्यायचं आणि काम झालं तरी सोडायचं नाही. झोपलेल्या कनेक्शनला डेटाबेस आपणहून बाहेर काढतो, पण आठ तासांनी. तोवर सकाळ संपलेली असते.

ॲप ज्या महिन्यात सुरू झालं त्याच महिन्यात ती काउंटरवर आली होती. पायगुणाची गोष्ट एवढीच होती.

पण मला जास्त किळस आली ती पुढच्या गोष्टीची. ॲप बनवणाऱ्या अंधेरीच्या कंपनीने सेटिंगमध्ये मर्यादा पाचशे लिहून ठेवली होती. छान. डेटाबेसला विचारलं, तुझी मर्यादा किती, तर म्हणाला दोनशे चौदा. कारण नुसतं पाचशे लिहून भागत नाही. प्रत्येक कनेक्शनला, आतल्या माहितीच्या प्रत्येक तक्त्याला फाइल उघडावी लागते, आणि एका प्रोग्रॅमने किती फायली उघडायच्या याची परवानगी लिनक्स, म्हणजे मशीनची मूळ यंत्रणा, देते. इथे ती हजार चोवीसची होती, म्हणजे मुळात असते तेवढीच. डेटाबेस सुरू होताना हिशोब करतो, परवानगी पुरत नाही असं दिसलं की कनेक्शनांचा आकडा आपणच खाली आणतो आणि कामाला लागतो. पाचशे पानांची पंगत ठरवली आणि दोनशे चौदा पत्रावळ्या आणल्या, तसं. तो लपवत नाही हं. सुरू होतानाच्या नोंदीत एक ओळ स्पष्ट लिहितो की पाचशे मागितले होते, दोनशे चौदा केले. ती ओळ प्रत्येक वेळी सुरू करताना लिहिली गेली होती. कोणी वाचली नव्हती.

म्हणजे कोणी प्रयत्न केला नव्हता असंही नाही. फायलींची परवानगी वाढवल्याचं एका फाइलीत लिहिलेलं होतं. पण ती फाइल वाचली जाते माणूस मशीनमध्ये लॉगिन करतो तेव्हा. डेटाबेस लॉगिन करत नाही, त्याला यंत्रणाच सुरू करते, आणि ती यंत्रणा स्वतःची वेगळी फाइल बघते. या चुकीच्या फाइलीत पासष्ट हजार लिहून कंपनीने काम झाल्याची मेल पाठवली होती. सुरू करून एकदा विचारून बघावं, किती मिळाले, एवढंही नाही. मला अशा कामाचा उबग आलाय. लिहिलं म्हणजे झालं, मेल गेली म्हणजे झालं, आणि प्रत्यक्षात काय आहे ते बघायला कोणी खाली वाकत नाही. आमच्या सोसायटीत लिफ्टवर 'दुरुस्त केली आहे' अशी पाटी लावून माणूस गेला होता, ती पाटी वाचत आम्ही जिन्याने चढायचो.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, मधेच मोबाइल बघत होत्या.

"म्हणजे वाढवायचं ना? वाढवा की."

"वाढवते. मेमरी पुरते का ते बघितलंय, पुरते. फक्त फायलींची परवानगी डेटाबेस सुरू होतानाच मिळते, म्हणून तो एकदा बंद करून चालू करावा लागेल. आज दुपारी करते, पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. "आज नको. उद्या अमावास्या लागतेय. बंद करून परत चालू नाही झालं तर? अमावास्या झाल्यावर करा. तोवर कशालाही हात लावू नका."

"मॅडम, रोज सकाळी माणसं उपाशी बसताहेत."

"इतके दिवस बसली, अजून दोन दिवस."

मी काय बोलणार? मशीन त्यांचं. पण रिक्षात बसल्यावर माझं डोकं तडकलं होतं. सहा महिन्यांत ज्या मशीनवरची धूळ पुसायला कोणाला वेळ झाला नाही, त्याची अमावास्या मात्र सांभाळायची!

अमावास्या झाली. मी दुपारी गेले, यंत्रणेच्या बरोबर त्या फाइलीत फायलींची परवानगी वाढवली, झोपलेल्या कनेक्शनला लवकर बाहेर काढायला सांगितलं, डेटाबेस बंद करून चालू केला आणि विचारलं. पाचशे. मग अक्षतासुद्धा चिमट्याने काढल्या. बाहेर आले तर काउंटरवर दुसरीच मुलगी. ही मॅडमची भाची होती, हे नंतर कळलं. मला वाटलं, नेहमीची बाई मुलीला रिक्षात बसवायला गेली असेल.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन. आवाज आनंदाने नुसता फुललेला.

"सिस्टिम एकदाही बसली नाही हो! तुम्ही हसला होतात ना? तिला कुर्ल्याच्या सेंटरवर पाठवलं त्या दिवसापासून सगळं झकास."

तिला ज्या दिवशी हलवलं त्याच दिवशी मी दुरुस्ती केली होती. अमावास्या नसती तर दुरुस्ती आधी झाली असती, ती काउंटरवर असतानाच सिस्टिम चालू झाली असती, आणि विषय संपला असता. आता मात्र माझ्याच कामाने तिच्यावर शिक्कामोर्तब झालं होतं.

"मॅडम, मी मर्यादा वाढवली म्हणून चाललंय ते."

"ते आहेच हो, तुमचंही काम आहेच. पण."

त्या 'पण'वरच मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडं आपटलं.

संध्याकाळी काउंटरवरच्या त्या बाईचा फोन आला. माझा नंबर तिने लॅबच्या रजिस्टरवरून घेतला होता, त्याबद्दल आधी माफी मागितली. कुर्ल्याचं सेंटर पहाटे उघडतं. मुलीला शाळेत कोण सोडणार? घरी सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा रात्रपाळीचा वॉचमन, तो यायच्या आधी हिला निघावं लागणार. महिनाअखेरपर्यंत बघा, नाहीतर सोडा, असं मॅडमनी सांगितलं होतं. म्हणजे काढूनच टाकलं होतं, फक्त तोंडाने म्हटलं नव्हतं.

"पायगुणाचं मला नवीन नाही ओ ताई," ती म्हणाली. "लग्न करून आले आणि दोन महिन्यांत सासऱ्यांची कंपनी बंद झाली. तेव्हा पण हेच ऐकलं. कंपनीत सातशे माणसं होती, सगळ्यांच्या घरी मीच गेले होते का?" आणि हसली. मग आवाज उतरला. "तुम्ही बोलाल ना मॅडमशी? तुमचं ऐकतील."

माझं कोणी ऐकत नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. पण ऐकत नसतील तर दाखवता येईल, असं डोक्यात आलं.

कनेक्शनांची मर्यादा वर न्यायची तर फायलींची परवानगी लागते. खाली आणायला काही लागत नाही, चालू डेटाबेसमध्ये जागच्या जागी आणता येते, आणि परवानगी आता होतीच, त्यामुळे पुन्हा वरही नेता येते. दुपारी जेवायच्या वेळी, बाकांवर कोणी नसताना मी लॅबमध्ये गेले. मॅडमना हाताला धरून म्हणतात तसं काउंटरपाशी आणलं. भाची खुर्चीवर होती, मोबाइल बघत.

"मॅडम, ती आत्ता कुर्ल्याला आहे. बरोबर? हे बघा. मी मर्यादा जुन्या आकड्याच्याही खाली आणते."

माझ्या लॅपटॉपवरून मी आकडा खाली आणला. भाचीला म्हटलं, एक नाव घाल. तिने घातलं. गोल चिन्ह आलं, फिरत राहिलं, मग तीच ओळ. जागा नाही.

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. आत डॉक्टरांचाही पडदा थिजला होता आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते बाहेर आले आणि भाचीवर ओरडले:

"काय दाबलंस तू?"

त्या पोरीचा चेहरा रडवेला झाला. तिने दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले. अगदी तसेच. मी आकडा परत पाचशेवर नेला, पडदा सुटला, पट्टी निघाली. आता तरी, म्हटलं, या बाईच्या डोक्यात प्रकाश पडेल.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे हे बंद-चालू करणं तुमच्या हातात आहे? घरी बसूनसुद्धा?"

"हो."

"मग इतके दिवस..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण नजरेने केलं. संशय आता तिच्यावरून उठून माझ्यावर येऊन बसला होता. संताप म्हणावा तर संतापसुद्धा आला नाही मला. नुसती किळस आली. एवढं डोळ्यांपुढे करून दाखवावं, आणि बाईंना त्यात दिसावं काय, तर दुसरं माणूस!

"मॅडम, आता माझा पायगुण काढू नका," मी म्हटलं. "आणि नोंदीतली ओळ वाचा. तुमच्याच मशीनमध्ये लिहिलेली आहे, मी नाही लिहिलेली."

वाचली नाही. प्रश्न सोडवला डॉक्टरांनी, आणि तोही वेगळ्याच कारणाने. "ते काय असेल ते असू दे," ते म्हणाले, "तिला परत बोलाव. हिला सकाळची गर्दी नाही झेपत. काल दोन नावांच्या पट्ट्या उलटसुलट लावल्या. पेशंट विचारतात, आधीच्या बाई कुठे गेल्या म्हणून." ती निर्दोष आहे म्हणून नाही, ती कामाची आहे म्हणून. कारण कोणतंही असो, शाळेची वेळ सांभाळली जाणार होती.

तिला शुक्रवारी बोलावलं, कारण गुरुवारी कसलातरी अशुभ योग होता. त्या सकाळी मी मुद्दाम गेले. सर्व्हर बघायचा आहे असं सांगितलं, पण खरं म्हणजे ती खुर्चीवर बसलेली मला बघायची होती. बाकं भरलेली होती. ती मुलीला शाळेत सोडून आली, केस व्यवस्थित विंचरलेले, ओढणी पिनेने लावलेली. दाराशी आली आणि थांबली.

उंबऱ्यावर लिंबू ठेवलेलं होतं. मधे चिरून कुंकू भरलेलं. मॅडम आत उभ्या होत्या, शेजारी भाची नारळ घेऊन.

"काही मनात आणू नकोस हं," मॅडम म्हणाल्या, फार गोड आवाजात. "नवीन गाडीला नाही का आपण करत, तसंच. डाव्या पायाने लिंबू चिरड आणि उजवा पाय आत टाक. मग कोणाला बोलायला जागा नको."

पंचवीस-तीस उपाशी माणसं बघत होती. माझ्या तोंडात शब्द आला होता, चांगला सणसणीत. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको. मागच्या गल्लीतून शाळेची घंटा ऐकू आली.

मॅडमनी तिच्यावरून नारळ ओवाळला. ती मान खाली घालून उभी राहिली, जशी कधीतरी सासरच्या दारात उभी राहिली असेल. मग तिने चप्पल काढली, डाव्या टाचेने लिंबू चिरडलं, उजवं पाऊल आत टाकलं. रस आणि कुंकू लादीवर पसरलं. मॅडम समाधानाने केबिनकडे वळल्या. भाची नारळ घेऊन त्यांच्यामागे गेली.

ती खुर्चीकडे गेली नाही. कोपऱ्यातलं फडकं घेतलं, परत दारापाशी येऊन वाकली आणि लादी पुसायला लागली. आधी लिंबाच्या बिया वेचल्या, मग लाल डाग, मग कोरड्या टोकाने पुन्हा एकदा.

"अगं, तू कशाला पुसतेस? ज्यांनी केलं ते पुसतील," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"म्हातारी माणसं येतात ताई," ती वर न बघता म्हणाली. "उपाशी असतात. घसरतील."

मग हात धुऊन ती खुर्चीवर बसली, खण उघडून बिस्किटांचा पुडा आहे का ते बघितलं, आणि पहिल्या आजोबांना हाक मारली.